शहाजोगांच्या हातीं दान

एखाद्या शब्दाची पत कशी घसरते हें पाहावयाचें असेल तर ‘शहाजोग’ या शब्दाकडे पाहावें. जुन्या सराफी पेढ्यांवर हा शब्द मोठ्या अदबीनें उच्चारला जात असे. हुंडी शहाजोग आहे, याचा अर्थ तिचे पैसे वाटेल त्या इसमाला मिळावयाचे नाहींत. बाजारांत ज्याची पत आहे अशा ‘शहा’च्या हातींच ते पडावयाचे. आणि हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्याच शहानें घेतलेली रक्कम निमूटपणें परत करावयाची. म्हणजे विश्वास हा तेथें भावनेचा विषय नव्हता, देण्याघेण्याचा होता. ज्याच्यावर विश्वास, त्याच्याच गळ्यांत नुकसानीची धोंड. आज आपण एखाद्याला शहाजोग म्हणतों तें मात्र तो वरून साळसूद व आंतून निराळाच आहे अशी शंका आल्यावर. शब्दाचा हा अधःपात कशानें झाला हें भाषाशास्त्र्यांनीं सांगावें. आमचा तर्क एवढाच कीं, पत राहिली आणि धोंड गेली, म्हणजे असें व्हावयास फार वेळ लागत नाहीं.

हा विचार मनांत येण्यास निमित्त झालें तें डॅनियल मॅक्सवेल व निसार मजीद या अभ्यासकद्वयाच्या ‘फॅमिन इन सोमालिया’ या इंग्रजी ग्रंथाच्या पुनर्वाचनाचें. ग्रंथ २०१६ सालचा, म्हणजे नवा नव्हे. पण ज्या प्रश्नाला तो हात घालतो तो तेव्हांपेक्षां आज अधिक निकडीचा आहे. पूर्वी दुष्काळग्रस्तांना धान्य पाठवीत. आतां पुष्कळ ठिकाणीं रोख पैसे पाठवितात. बाजारांत धान्य आहे पण गरिबाला तें घेण्याची ऐपत नाहीं, अशी स्थिति असेल तेथें हा मार्ग शहाणपणाचा आहे, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पोतीं वाहून नेण्याचा खर्च वांचतो, वाटेंत ट्रक लुटला जात नाहीं, आणि आज तेल घ्यावें कीं औषध घ्यावें हें परक्या कारकुनाऐवजीं घरची बाई स्वतःच ठरविते. प्रश्न उभा राहतो तो निराळाच. जेथें लढाई चालूं आहे, बँक नाहीं, सरकारी खजिना नाहीं, तेथें हे पैसे तिच्या हातापर्यंत नेणार कोण? मदतसंस्थांच्या कागदपत्रांत याचें उत्तर ठरलेलें असतें: ‘विश्वासू मध्यस्थां’मार्फत. या दोन शब्दांचीच आज आम्हांस परीक्षा करावयाची आहे.

आधीं हकीकत थोडक्यांत. १९९१ च्या जानेवारींत सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि सोमालियांत मध्यवर्ती सरकार असें जें कांहीं होतें तें नाहींसें झालें. पुढें दक्षिणेचा बराच मुलूख अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यांत गेला. २००८ सालीं अमेरिकेनें तिला दहशतवादी ठरविलें. त्यामुळें तिच्या मुलखांत मदत पोंचविणें म्हणजे कायद्याच्या विस्तवाशीं खेळ होऊन बसला. २०१० च्या जानेवारींत जागतिक अन्नकार्यक्रमानें दक्षिणेंतून अंग काढून घेतलें. त्याच वर्षाच्या मार्चांत संयुक्त राष्ट्रांच्या एका निरीक्षक मंडळानें असा आरोप केला कीं, धान्याचा निम्म्यापर्यंत भाग कंत्राटदार, स्थानिक कर्मचारी व शस्त्रधारी यांच्या घशांत जात असावा. अन्नकार्यक्रमानें तो आंकडा मान्य केला नाहीं. पण देणाऱ्यांचे हात आखडले ते आखडलेच. पाऊस हुकला, धान्य महागलें, २०१० च्या उत्तरार्धापासून इशाऱ्यांवर इशारे निघाले, आणि अखेर २० जुलै २०११ रोजीं दुष्काळ अधिकृतपणें जाहीर झाला. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या अवधींत सुमारे २,५८,००० माणसें त्यांत मेलीं, असा अंदाज २०१३ सालच्या एका अभ्यासानें बांधला. त्यांतलीं सुमारे १,३३,००० पांच वर्षांच्या आंतलीं मुलें होतीं. कित्येक तर दुष्काळ जाहीर होण्यापूर्वींच गेलीं.

हे आंकडे आधींच देण्याचें कारण आहे. मध्यस्थ पैसे खातात, ही गोष्ट पुढें पुष्कळदां येणार आहे. आणि तसें वाचल्यावर आमच्यासारख्या पांढरपेशा माणसाच्या मनांत ‘मग देऊंच नये’ हा विचार फार लवकर व फार सोयीस्करपणें येतो. न देण्याची किंमत काय पडली तें वर दिलें आहे.

मॅक्सवेल व मजीद यांच्या ग्रंथाचा मोठा गुण असा कीं, दुष्काळाकडे देणाऱ्यांच्या खिडकींतून पाहण्यावर त्यांनीं समाधान मानलेलें नाहीं. जे वांचले त्यांचे अनुभव त्यांनीं गोळा केले, आणि कोण वांचलें व कां वांचलें हा प्रश्न विचारला. उत्तर चटका लावणारें आहे. ज्यांचें कोणी शहरांत, नैरोबींत, लंडनांत वा अमेरिकेंत होतें, ज्यांना कोणापुढें तरी रडतां येत होतें, ते पुष्कळ अंशीं तगले. ज्यांचें असें कोणी नव्हतें त्यांच्यावर घाला पडला. नदीकांठचे बांटू शेतकरी आणि बाय-बकूल भागांतील रहनवेन लोक यांची हानि विशेष झाली. कारण परदेशांत त्यांचे आप्त थोडे, आणि सत्तेच्या चावडीवर त्यांची बाजू मांडणारें कोणी नाहीं. पावसाची अवकृपा सर्वांवर झाली, पण मरण कुळी पाहून आलें.

ग्रंथाविषयीं आमची तक्रार त्याच्या उपशीर्षकापासून सुरू होते. ‘सामुदायिक अपयश’ असे शब्द त्यांत आहेत. अपयश अनेकांचें होतें हें खरें. पण सर्वांचें अपयश म्हणजे कोणाचेंच नव्हे, असा त्या शब्दांचा परिणाम वाचकावर होतो. पेढीची वही अशी लिहीत नाहींत. कोणाच्या नांवें किती, हें तींत दाखवावें लागतें.

आतां मध्यस्थांपैकीं पहिला जो हवालेवाला, त्याच्याकडे वळूं. आपल्याकडे हवाला हा शब्द वर्तमानपत्रांत बहुधा गुन्ह्याच्या बातमीबरोबर येतो. त्यामुळें तो ऐकतांच कित्येकांच्या भुंवया चढतील. पण मुळांत ही आपल्या हुंडीचीच बहीण. लंडनमध्यें टॅक्सी चालविणारा सोमाली तरुण एका दुकानांत कांहीं पौंड भरतो. तेथून निरोप जातो. आणि दुसऱ्या दिवशीं, पुष्कळदां त्याच दिवशीं, बैदोव्याच्या बाजारांत त्याच्या आईला तेवढ्या मोलाचे डॉलर मिळतात. नोटा समुद्र ओलांडून गेलेल्याच नसतात. दोन दुकानदारांचा आपसांतला हिशेब मागाहून, दुबईच्या मालाच्या व्यापारांत, वळता होतो. आईजवळ सरकारी ओळखपत्र नसलें तरी अडत नाहीं. ती कोणाची कोण, कोणत्या कुळीची, हें सांगणारा माणूस पेढीवर असतो. ज्या देशांत सरकार नांवालाच होतें त्या देशांत दरसाल एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम परदेशस्थ आप्तांकडून अशी घरोघर पोंचत असे, असे अंदाज आहेत. २०११ सालीं मदतसंस्थांनीं हीच वाट धरली. पेढ्यांनीं आपलें काम एकंदरींत चोख केलें. पैसा खुद्द पेढीवर बुडाला, अशी तक्रार आमच्या वाचनांत क्वचितच आली.

मग गळती कोठें? पेढीच्या अलीकडे आणि पेढीच्या पलीकडे. अलीकडे म्हणजे यादी होतांना; पलीकडे म्हणजे पैसे हातांत पडल्यावर. यादी करणार कोण, तें पाहा. परदेशी अधिकारी नैरोबींत. त्याचा स्थानिक भागीदार जिल्ह्याच्या गांवीं. भागीदाराला घरें दाखविणार खेड्यांतले वडीलधारे. प्रत्येक पायरीवर एक विश्वासू माणूस, आणि प्रत्येक विश्वासू माणसाची स्वतःची एक कुळी. नसलेलीं माणसें यादींत येतात, असलेलीं राहून जातात. यांत दरवेळीं लबाडीच असते असेंहि नाहीं. आपल्या भावकीचें दुःख माणसाला आधीं दिसतें, एवढेंच.

पलीकडचा प्रकार ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २०१३ च्या वृत्तांतांत सविस्तर आला आहे. ‘रखवालदारांचे ओलीस’ अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. दक्षिणेंतून मोगादिशूंत आलेल्या निर्वासितांच्या झोपड्या कोणाच्या तरी जागेवर उभ्या राहिल्या. जागा ज्याच्या ताब्यांत, तो वस्तीचा रखवालदार. सोमाली लोक अशांना ‘काळीं मांजरें’ म्हणतात. हीं काळीं मांजरें मदतीचा वांटा काढून घेत. इतकेंच नव्हे, तर माणसें वस्ती सोडून जाऊं लागलीं तर त्यांना अडवीत, कारण माणसें गेलीं म्हणजे मदत गेली. दुभत्या जनावराला दावें लावावें तसा हा प्रकार. या वृत्तांताचीं पानें उलटतांना आम्हांस मधूनच तो मिटून ठेवावा लागला, हें सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

परंतु त्यांना निव्वळ चोर म्हणून मोकळें होतां येत नाहीं. झोपडीपुरती जागा मिळवून देणें, भांडण मिटविणें, रात्रीं शस्त्रधारी आले तर त्यांच्याशीं बोलणें, संस्थेच्या माणसाला वस्ती दाखविणें, हींहि कामें तेच करीत आले आहेत. सरकारनें जें करावयाचें तें हे करतात, आणि सरकारप्रमाणेंच कर घेतात. फरक इतका कीं, त्यांना जाब विचारण्याची सोय नाहीं.

येथें आमच्या वाचकांना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवेल. कोठार सरकारचें, मालक बेदरला, दारांत भुकेलेले लोक. पंतांनीं मालकाला न विचारतां कोठारें मोकळीं केलीं. आजच्या हिशेबतपासनिसाच्या भाषेंत यालाहि गळतीच म्हणावें लागेल, आणि पंतांचें नांव काळ्या यादींत जाईल. सोमालियांतहि यादींतल्या कुटुंबानें मिळालेली मदत यादीबाहेरच्या शेजाऱ्याशीं वांटून खाल्ल्याचीं उदाहरणें विपुल आहेत. काळें मांजर आणि दामाजी यांच्यांतला फरक वहींत दिसत नाहीं. दोघांच्याहि नांवावर तूटच निघते. तो फरक दिसतो दारांतल्या भुकेल्याला, आणि त्याला विचारण्याची तजवीज कागदावर असली तरी तिचा उपयोग होण्यासारखी परिस्थिति वस्तींत क्वचितच असते.

आमचा मुख्य मुद्दा येथें येतो. मुलानें आईला पाठविलेला पैसा आणि संस्थेनें एखाद्या विधवेला पाठविलेला पैसा एकाच पेढीवरून जातो, म्हणून दोहोंच्या मागें एकच विश्वास आहे असें समजणें ही मूळ चूक आहे. पहिल्या व्यवहारांत पाठविणारा घेणारीला ओळखतो. शंभराचे नव्वद झाले तर ती त्याच रात्रीं फोन करते. तो दुकानांत जाऊन चारचौघांत विचारतो. त्याची सारी कुळी त्या पेढीकडे पाठ फिरविते. म्हणजे शहा चुकला तर धोंड त्याच्याच गळ्यांत पडते, आणि ती पाडण्याचें बळ घेणारीजवळ आहे. दुसऱ्या व्यवहारांत पाठविणाऱ्याला घेणारी ठाऊक नाहीं, आणि घेणारीला पाठविणारा ठाऊक नाहीं. आपल्याला किती मिळावयाचे होते हेंहि पुष्कळदां तिला कोणी सांगितलेलें नसतें. मध्यस्थ ‘विश्वासू’ आहे तो देणाऱ्याच्या लेखीं. कारण त्याचे कागद नीट असतात, पावत्या वेळेवर येतात, अंगठे जागच्या जागीं असतात. (आम्हीहि वर्गणी देतांना पावती मागतों, आणि पावती मिळाली म्हणजे दान पोंचलें असें समजतों.) घेणारीनें त्याला निवडलेलें नाहीं, ती त्याला बदलूं शकत नाहीं, आणि त्याच्याविरुद्ध बोलावें तर पुढच्या यादींतून नांव जाण्याची किंवा झोपडी उठविली जाण्याची भीति. असा जो विश्वास, त्याला हुंडीच्या परिभाषेंत नांव नाहीं. आजच्या मराठींत आहे. तें आम्ही आरंभींच सांगितलें.

संस्था स्वस्थ बसल्या असें नाहीं. तिऱ्हाईत तपासनीस नेमले गेले, फोनवरून चौकशी सुरू झाली, आणि पुढें तर नोटांऐवजीं मोबाइलवरच पैसे जाऊं लागले. यंत्राला कुळी नसते, ही त्यामागची समजूत. परंतु सिमकार्ड वस्तींत कोणाच्या खिशांत आहे हा प्रश्न यंत्र सोडवीत नाहीं. आणि पैसे थेट बाईच्या फोनवर आले तरी संध्याकाळीं भाडें मागावयास येणारा माणूस तोच असतो. तपासनीस येतो तोहि बहुधा रखवालदाराच्या संमतीनें, आणि प्रश्न विचारतो ते त्याच्या कानांवर पडतील इतक्या अंतरावरून. शाळातपासणीच्या दिवशीं, मास्तर मागें उभे असतां, ‘मास्तर मारतात काय?’ असें मुलांना विचारण्यासारखें तें आहे.

देणाऱ्यांच्या बाजूनें दुसरें एक औषध योजण्यांत आलें. तें रोगाहून जालीम. ७ नोव्हेंबर २००१ रोजीं अमेरिकेनें अल-बरकात ही सोमालियाची सर्वांत मोठी हवाला-पेढी दहशतवादाच्या संशयावरून बंद पाडली. त्या वर्षीच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अभ्यासकांनीं २००४ सालीं सांगितलें कीं, त्या संशयाला पुरेसा पुरावा मिळत नाहीं. तोंवर ठेवीदारांचे पैसे अडकावयाचे ते अडकलेच होते. २०१३ सालीं बार्कलेज बँकेनें सोमाली पेढ्यांचीं खातीं बंद करण्याचें ठरविलें. दहबशील या पेढीनें लंडनच्या न्यायालयांतून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला, म्हणून तिच्यापुरतें तें कांहीं काळ लांबलें. जोखीम नको म्हणून खातें बंद करणें सोपें आहे. पण जोखीम त्यानें नाहींशी होत नाहीं. ती बँकेंतून उठून बैदोव्याच्या त्या आईच्या चुलीपाशीं जाऊन बसते.

जुन्या पेढ्यांवर ‘जोखमी हुंडी’ असाहि एक प्रकार असे. माल सुखरूप बंदरास लागला तरच तिचे पैसे. गलबत बुडालें तर बुडाले. जोखीम कोणी पत्करली हें तेथें पहिल्यापासून उघड असे. मदतीच्या व्यवहारांतहि जोखीम असतेच, पण ती नकळत खालीं सरकत जाते: दात्या सरकाराकडून संस्थेकडे, संस्थेकडून स्थानिक भागीदाराकडे, भागीदाराकडून त्या पोराकडे, जो चौक्यांमागून चौक्या ओलांडीत गांवोगांव जातो.

याचें फार दुःखद उदाहरण सोमालियाच्या बाहेरचें आहे. सुदानांत १५ एप्रिल २०२३ रोजीं लष्कर व निमलष्करी दल यांच्यांत युद्ध पेटलें. परदेशी संस्थांची माणसें खार्टूम सोडून गेलीं, आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील तरुण-तरुणींनीं ‘आपत्कालीन मदतकक्ष’ उघडून सामुदायिक स्वयंपाकघरें चालविलीं. पैसे येत ते परदेशस्थ आप्तांकडून, व पुढें संस्थांकडूनहि. येथें मध्यस्थ त्याच गल्लींतला; पातेल्यांत डाळ किती पडली हें रांगेंतल्या प्रत्येकाला दिसतें, आणि कमी पडली तर प्रत्येकजण विचारूं शकतो. विश्वासू या शब्दाच्या खऱ्या अर्थाच्या हे लोक आमच्या मतें सर्वांत जवळ आहेत. परंतु दोन्ही फौजांनीं त्यांना शत्रूचे हस्तक समजून पकडलें. कित्येक मारले गेले. आणि २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेनें परदेशी मदत एकाएकीं थांबविली तेव्हां शेकडो स्वयंपाकघरें बंद पडलीं. चांगला मध्यस्थ मिळाला म्हणजे देणारा सुटला, असें नाहीं. त्याला सोडविण्यासाठीं धडपडणारें, एखादी रक्कम बुडाली तरी त्याच्यामागें उभें राहणारें कोणी देणाऱ्यांत असावें लागतें. एरवी तो शहा नव्हे; ओझ्याचा बैल.

सोमालियांत इतकें लिहिलें-बोललें गेल्यावर कांहीं बदललें काय? २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनीं एक चौकशी करविली. ७ जुलैच्या तारखेच्या त्या अहवालांत, पाहणी केलेल्या ५५ च्या ५५ निर्वासित वस्त्यांत मदतीची गळती आढळली. जमीनमालक, रखवालदार, स्थानिक अधिकारी व सुरक्षादलांतील माणसें रोख मदतीपैकीं निम्म्यापर्यंत रक्कम उकळीत असल्याचें त्यांत नमूद झालें. न दिल्यास हकालपट्टी, अटक, नाहीं तर यादींतून नांव कमी. युरोपीय संघानें त्यावर अन्नकार्यक्रमाला सोमालियासाठीं द्यावयाची रक्कम तात्पुरती थांबविली. म्हणजे २०१० सालची जुनी आवृत्ति पुन्हां छापली गेली: मध्यस्थानें खाल्लें, देणाऱ्यानें हात आखडला, आणि दोन्ही वेळां उपाशी राहिली ती एकच बाई.

हा अहवाल गोपनीय होता. वर्तमानपत्रांच्या हातीं लागला म्हणून जगाला कळला. ज्यांच्या जबान्यांवर तो उभा होता त्यांनीं तो वाचावा, अशी योजना त्यांत नव्हती. आमच्या मतें सुधारणेला आरंभ येथूनच व्हावा. दर घरामागें रक्कम किती निघाली, कोणी पाठविली, वाटेंत कोणाकोणाचा हात तिला लागणार आणि कोणाचा लागावयाचा नाहीं, हें घेणारीला आधीं, तिच्या बोलींत, रेडिओवरून व बाजाराच्या भिंतीवरून कळावें; आणि मध्यस्थ बदलून मागण्याचा हक्क तिच्या वस्तीला असावा. यावर असा आक्षेप येईल कीं, रक्कम जाहीर झाली तर शस्त्रधाऱ्यांनाहि ती कळेल. त्यांना ती आधींच कळलेली असते. कळत नाहीं ती फक्त तिला.